एटीव्हीचे टायर निवडताना आधी जमीन बघा

एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची चारचाकी गाडी. ती तुम्ही जास्तीत जास्त कुठे चालवता, टायर त्यासाठीच घ्या. वर्षातून दोनदा लागणाऱ्या चिखलासाठी खोल गोट्यांचा (म्हणजे पृष्ठभागावरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर घेतला, तर उरलेले दिवस कडक वाटेवर हादरे बसतात आणि गोट्या लवकर झिजतात.

चिखलात गोट्यांच्या उंचीइतकंच त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. अंतर कमी असेल तर चिखल तिथेच भरून राहतो, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागीच फिरतं. खडकाळ भागात टायर फाटतो तो बहुधा बाजूच्या भिंतीला, म्हणून तिथे निदान ६ प्लाय (टायरच्या थरांची मजबुती सांगणारा आकडा) घ्या. मऊ वाळूत मागे पॅडल (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचा) आणि पुढे रिब (घेराभोवती सलग कडा असलेला) टायर उत्तम. पण पॅडल खडकावर नेऊ नका.

आता माप. २५x८-१२ म्हणजे उंची २५ इंच, रुंदी ८, रिम १२. मूळ मापापेक्षा उंच टायर घेतला की गिअरिंग जड होतं, आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट असेल तर तो तापतो. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून टायर कुठे घासतो का ते बघाच. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या उंचीचं मूळ प्रमाण मोडू नका, डिफरन्शिअलवर (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरवर) ताण येतो.

हवा बहुतेक एटीव्हींना ५ ते ७ पीएसआयच लागते. नेमका आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. कारचा गेज इथे निरुपयोगी, कमी दाबाचा वेगळा घ्या आणि टायर थंड असताना मोजा.