सत्काराची यादी करण्याआधी

भाऊ, माजी विद्यार्थ्यांच्या सत्कार समितीत पहिल्यांदाच आलास ना? मग आधी शाळेच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर उघड. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस, सगळं त्यात सापडतं. एका वर्षी आम्ही ऐकीव माहितीवर एका साहेबांना बोलावलं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "मी शेजारच्या शाळेत शिकलो." हार माझ्याच हातात होता!

नागपूर महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत. सगळी नावं एकाच माध्यमातली आली, की कुजबुज सुरू होते आणि ती रास्तच असते. नुसते डॉक्टर, इंजिनिअर शोधत बसू नको. बाकांचे तुटलेले पाय फुकट वेल्डिंग करून देणारा, वर्षानुवर्षं खिचडी शिजवणाऱ्या बाई, हेही यादीत हवेत. देणगीदाराला मात्र आधीच सांग, की पैशाच्या आकड्यावरून खुर्ची ठरत नाही. हे बोलायला जड जातं, पण नंतरच्या रुसव्याफुगव्यांपेक्षा बरं.

तारीख? मे महिन्यात अजिबात नको. आपल्या विदर्भात उन्हापायी शाळाच जूनच्या शेवटी उघडतात, त्या उन्हात शाल कोणाच्या खांद्यावर टाकशील? २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ठेव, मुलं आणि पालक तिथेच असतात. भाषणं तीनच. पोरं सतरंजीवर बसलेली असतात, आणि चौथ्या भाषणाला ती एकमेकांच्या वेण्या ओढायला लागतात.