थकहमीचा अभ्यास करून पोट भरेल का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझी मुलगी पुण्यात एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्य सरकारांच्या तिजोरीवर पुढे येऊ शकणारी संकटे आधी ओळखून सरकारला सावध करणारे संशोधन करायचे, असे तिने ठरवले आहे. सरकारकडे वित्त विभाग असताना हिला पगार कोण देणार? स्पर्धा परीक्षा सोडून तिला या वाटेने जाऊ द्यावे का? – एक पालक

उत्तर : स. न. वि. वि.

पगार कोण देणार, हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. परंतु हे काम नेमके कशाचे आहे ते आधी सांगतो, कारण ते समजल्याशिवाय त्याला पैसे मोजणारे कोण आणि का, हे उलगडत नाही.

अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी महसुली तूट, राजकोषीय तूट आणि एकूण कर्ज हे तीन आकडे सगळीकडे छापून येतात. राज्याला पुढे अडचणीत आणणारी देणी मात्र पुष्कळदा या तिन्ही आकड्यांच्या बाहेर असतात. एखाद्या महामंडळाने किंवा सहकारी साखर कारखान्याने कर्ज काढले आणि राज्य सरकारने त्याला थकहमी दिली, तर त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही आणि तूटही वाढत नाही. कर्जदाराने हप्ते थकवले की तीच हमी प्रत्यक्ष खर्च होऊन दारात उभी राहते. अशा देण्यांना संभाव्य दायित्व म्हणतात. ती मोजणे, कोणती अंगावर येण्याची शक्यता अधिक आहे ते ठरवणे आणि वेळ असतानाच सांगणे, हे आपल्या कन्येच्या मनातले काम आहे.

महाराष्ट्राला याचा धडा एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाने दिला. त्या प्रकल्पाच्या करारात राज्य वीज मंडळाने द्यायच्या रकमांना राज्य सरकारची हमी होती आणि तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने न भरल्यास केंद्राने भरण्याची हमी. वीज घेतली वा न घेतली तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेला आकार द्यावा लागणार होता, आणि दर डॉलरच्या व इंधनाच्या भावाशी बांधलेला होता. रुपया घसरला, प्रकल्पाचे इंधन असलेला नाफ्था महागला आणि मंडळाला बिले पेलेनाशी झाली. २००१ च्या आरंभी कंपनीने हमी वटवण्याची मागणी केली आणि मे महिन्यात मंडळाने वीज घेणेच थांबवले. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी या व्यवहाराची चिकित्सा केली, परंतु तोवर करार होऊन अनेक वर्षे उलटली होती. संकट कोणत्याही वर्षीच्या तुटीच्या आकड्यात दिसत नव्हते, ते कराराच्या कलमांत होते. म्हणूनच मी म्हणतो की या क्षेत्रात गणितापेक्षाही बारकाईने वाचण्याची सवय अधिक उपयोगी पडते. अर्थशास्त्राच्या वर्गात ती फारशी शिकवली जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

वीज हा विषय राज्यांचा पिच्छा सोडत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने 'उदय' योजना आणली. तीत सहभागी झालेल्या राज्यांनी आपल्या वीज वितरण कंपन्यांच्या ३० सप्टेंबर २०१५ रोजीच्या कर्जापैकी तीन चतुर्थांश कर्ज दोन वर्षांत स्वतःच्या अंगावर घ्यायचे होते. काल जे कंपनीचे होते ते आज राज्याचे झाले. असे पुन्हा घडल्यास कोणत्या राज्याला किती झळ बसेल, याचा हिशेब संशोधक मांडतात. जून २०२२ मध्ये, श्रीलंकेतील आर्थिक संकट ताजे असताना, रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी बँकेच्या मासिक पत्रिकेत राज्यांच्या वित्तीय जोखमीचा लेख लिहिला. त्यात बिहार, केरळ, पंजाब, राजस्थान आणि पश्चिम बंगाल ही पाच राज्ये सर्वाधिक ताणाखाली असल्याचे म्हटले होते, आणि वितरण कंपन्यांना पुन्हा सावरावे लागले किंवा जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी आणि सर्वस्वी सरकारी खर्चाची पेन्शन, परत आली तर काय होईल, हेही तपासले होते.

जुन्या पेन्शनचा उल्लेख आला म्हणून थोडे व्यक्तिगत लिहितो. आपण १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आला असाल, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत असाल, तर जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या संपात आपण स्वतः असाल किंवा आपले सहकारी तरी असतील. शिक्षकाच्या दृष्टीने ती मागणी म्हाताऱ्या वयातील निश्चिंतीची आहे आणि मी तिला अवाजवी म्हणणार नाही. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार, राज्ये जुन्या योजनेकडे परतल्यास त्यांच्यावरील एकूण भार कर्मचारी व सरकार यांच्या दरमहा अंशदानावर चालणाऱ्या नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. यातली गोम अशी की, परतल्यावर सुरुवातीची काही वर्षे सरकारचे दरमहाचे अंशदान वाचते, म्हणून निर्णय स्वस्त वाटतो. खरा खर्च हे कर्मचारी निवृत्त होऊ लागल्यावर, म्हणजे निर्णय घेणारे सत्तेवर नसताना, सुरू होतो. आपल्या कन्येला उद्या असे टिपण लिहावे लागेल आणि ते कदाचित तिच्या वडिलांच्याच मागणीविरुद्ध जाईल. हे ती कशी पेलेल, याविषयी आपण दोघांनी एकदा मोकळेपणाने बोलावे असे मला वाटते.

या टिपणांचा उपयोग होतो का? होतो, पण सावकाश. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाचा राज्यांच्या हम्यांविषयीचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. एका वर्षात नव्याने दिलेल्या हम्या महसुली उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ०.५ टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवाव्यात, अशी शिफारस त्याने केली. शिफारस ही शिफारसच असते. मंत्रिमंडळ ती बाजूला ठेवू शकते, आणि निवडणुकीच्या वर्षात बहुधा ठेवतेच. आपले म्हणणे ऐकले गेले नाही म्हणून ज्यांची झोप उडते, त्यांनी या क्षेत्रात येऊ नये.

आता पगार. वित्त विभागाकडे अधिकारी असतात, परंतु ते पुरवणी मागण्या आणि वर्षअखेरीचा हिशेब यांतच गुंतलेले असतात. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत मदतीचा जो पैसा आला, त्याची जुळवाजुळव अशाच माणसांनी केली असणार. पंधरा वर्षांपुढचे पाहण्याची सवड त्यांना मिळत नाही, म्हणून ते काम इतरत्र होते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांची स्वतंत्र परीक्षा होते. संघ लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवा आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात संशोधनाची पदे असतात. दिल्लीतील राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था १९७६ पासून याच विषयावर काम करते, आणि तिरुवनंतपुरमची गुलाटी वित्त व करविषयक संस्थाही आहे. कर्ज परत मिळण्याची खात्री किती, ते ठरवणाऱ्या पतमानांकन कंपन्यांना सरकारी हमीचे रोखे तपासायला माणसे लागतात. तिथे पगार बरा, पण निष्कर्ष ग्राहकासाठी असतो. रिझर्व्ह बँक आणि आर्थिक सेवा या पहिल्या दोन ठिकाणी नोकरी कायम, पण जागा थोड्या. संशोधन संस्थांत सुरुवात बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर आणि पुढे पीएच.डी. केल्याशिवाय बढती अवघड. पहिली तीन-चार वर्षे तिचे उत्पन्न तिच्या बँकेत लागलेल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल, हे गृहीत धरून चालावे.

यावरून आपल्या लक्षात आले असेल की स्पर्धा परीक्षा आणि हे क्षेत्र यांत तसा विरोध नाही. सर्वसाधारण राज्यसेवेच्या मागे पाच वर्षे घालवण्याला माझा विरोध आहे. परंतु रिझर्व्ह बँक आणि आर्थिक सेवा या दोन परीक्षांचा अभ्यास तिच्या एम. ए.च्या अभ्यासाशी बराच जुळतो, म्हणून दोन प्रयत्न तिने अवश्य द्यावेत.

निर्णयापूर्वी तिने एक काम करावे. महालेखापालांचे महाराष्ट्राचे वित्त लेखे सर्वांना वाचायला उपलब्ध असतात आणि त्यांत राज्याने दिलेल्या हम्यांचे विवरणपत्र असते. त्यातील एक संस्था तिने निवडावी. आपल्याच भागातील एखादा साखर कारखाना सापडला तर उत्तम. मागील दहा वर्षांचे लेखे काढून हमी किती होती, किती थकली, सरकारने किती भरली आणि त्याबद्दल अर्थसंकल्पीय भाषणांत काय म्हटले गेले, हे जुळवावे. आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, एकाच संस्थेचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळेल, आणि एखादे वर्ष मुळीच सापडणार नाही. सुमारे तीन महिन्यांत दहा पानांचे मराठी टिपण झाले, तर ते मला पाठवावे; मी वाचून कळवीन. पहिल्याच आठवड्यात तिने ते आवरून ठेवले, तर बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला तेव्हाही उशीर झालेला नसेल.