पोलो लोअर करायची आहे? 95 हजार काढण्याआधी शॉकअप तपासा

प्रश्न: वय 29, चिंचवडला भाड्याने राहतो. हातात पगार 72,000, महिन्याचा खर्च 45,000, एसआयपी 10,000. अडीअडचणीसाठी 1,40,000 बाजूला आहेत. माझी 2017ची पेट्रोल फोक्सवॅगन पोलो 84,000 किलोमीटर चालली आहे. विकली तर साडेतीन-चार लाख येतील, पण अजून तीनेक वर्षं ठेवेन. तिला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) बसवून 35 मिलिमीटर खाली घ्यायची आहे. फिटिंगसह 95,000 सांगितलेत. क्रेडिट कार्डावर 15 टक्क्यांनी बारा हप्ते करू, की नऊ महिने एसआयपी थांबवू? मित्राची लोअर केलेली गाडी चालवल्यापासून माझी हायवेवर होडीसारखी डुलते असं वाटतं. दर महिन्याला आई-वडिलांना घेऊन कराडला जातो, वडिलांना मणक्याचा त्रास आहे.

उत्तर: हप्ते की एसआयपी, हे नंतर बघू. आधी त्या डुलणाऱ्या गाडीबद्दल बोलू. शॉकअप बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे ते कंपनीचेच असणार. आपल्या रस्त्यांवर 84,000 किलोमीटर चाललेल्या शॉकअपमध्ये फारसा दम उरत नाही. बुश (जोडांमधली रबरं) आणि वरची माउंटिंगही सैल झालेली असतात. मित्राच्या गाडीत सगळं नवं होतं आणि तुमच्या गाडीत सगळं थकलेलं आहे. तुम्ही तुलना केलीत ती या दोघांची. लोअर केलेल्या आणि न केलेल्या गाडीची नाही. चांगल्या प्रतीचे चार शॉकअप, माउंटिंग, बुश, अलाइनमेंट आणि मजुरी असं अंदाजपत्रक आधी मागा. माझ्या हिशेबात ते 30 ते 35 हजारांत बसावं. तुम्हाला हवी असलेली पकड बरीचशी तिथेच परत मिळेल.

आता गाडी खाली घेतल्यावर काय होतं ते बघा, कारण खरी किंमत तिथे आहे. गाडी उभी असताना चाकाला वर जायला समजा 75 मिलिमीटर जागा आहे. त्यातले 35 तुम्ही आधीच वापरून टाकलेत. तोच दणका जवळपास निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग सुमारे साडेतीनपट कडक हवी. इतकी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी देत नाही. मग स्प्रिंग थोडी कडक करतात आणि उरलेला दणका बंपस्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर मार घेणाऱ्या रबरावर, जातो. चांगल्या कॉइलओव्हरची नळी आखूड असते, त्यामुळे थोडी जागा परत मिळते आणि नुसत्या लोअरिंग स्प्रिंगपेक्षा ते नक्कीच बरे. पण गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर कोणताही किट परत देत नाही. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटरच्या आसपास आहे, तो 130 होईल आणि तोही रिकाम्या गाडीत. तिघं माणसं आणि कराडहून परत येताना डिकीत भरलेलं तांदळाचं पोतं धरलं की अजून कमी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. तो तुम्ही हळू पार कराल. पण सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने रातोरात घातलेला उंचवटा कुठलं मानक पाळतो?

कडक स्प्रिंगचा त्रास पुढे बसणाऱ्याला कमी आणि मागे बसणाऱ्याला जास्त, कारण मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच असते. स्टिअरिंग धरलेल्या माणसाला खड्डा आधी दिसतो, मागच्याला तो कमरेतच कळतो. म्हणून निर्णयाआधी मित्राला गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही मागे बसून साताऱ्यापर्यंत जाऊन या. परत आल्यावरही 95,000 द्यावेसे वाटले तर पुढचं वाचा. (वडिलांना त्या चाचणीला नेऊ नका.)

पैशांचं. कार्डाचे हप्ते घेतलेत तर महिन्याला सुमारे 8,575 जातील. वर्षभराचं व्याज आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मिळून साधारण 9,300 वर द्याल, प्रक्रिया शुल्क वेगळं. चार लाखांच्या गाडीवर एक लाख चार हजार म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथाईहून जास्त, आणि विकताना त्यातला बहुतेक भाग परत येत नाही. साधा गिऱ्हाईक लोअर केलेली गाडी बघून आधी विचारतो, ‘हिला पळवलीय का?’ तीन वर्षांनी जुना किट 30-35 हजारांना गेला असं धरलं, तरी महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात. गाडी खाली घेतल्याने टायरची आतली कड लवकर झिजली तर तो खर्च त्यावर.

एसआयपी थांबवण्यावर मी ‘हेच 90,000 पंधरा वर्षांत 10 टक्क्यांनी पावणेचार लाख झाले असते’ असं म्हणू शकतो. गणित बरोबर आहे, पण ते मिसळपावपासून लग्नापर्यंत कुठल्याही खर्चावर फेकता येतं, म्हणून मी ते पुढे करत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: तुमचा अडीअडचणीचा निधी जेमतेम तीन महिन्यांचा आहे. सहा महिन्यांसाठी 2,70,000 लागतात, म्हणजे 1,30,000 कमी आहेत. हौस चुकीची नाही, रांगेत तिचा नंबर चुकतोय.

विम्याचा आणि कायद्याचा मुद्दा गॅरेजवाला सहसा काढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्प्रिंग बदलणं हा गाडीच्या रचनेतला बदल ठरतो का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुम्ही अपघातानंतर, गाडी वर्कशॉपमध्ये पडलेली असताना, विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी घालणार का? बदल कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकू शकतो. विमा कंपनीला आधी ईमेल करा, लेखी उत्तर घ्या. उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर ते ‘नाही’ समजा.

त्यामुळे कॉइलओव्हर आत्ता नको, हप्त्यांवर तर अजिबात नको. जुन्या शॉकअपवर नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचवला तर तोही नको. तो सगळ्यात वाईट: कडक स्प्रिंगची उसळी आवरायला थकलेला शॉकअप पुरत नाही, आणि काही महिन्यांत तोही पैसे मागतो.

या महिन्यात शॉकअपना तेल गळतंय का ते बघून घ्या आणि मूळ उंचीचंच काम करून घ्या. पगारातून भाडंखर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे 17,000 उरतात, दोन महिन्यांत भागेल. एसआयपी चालू ठेवा. त्यानंतरचे 17,000 निधीत टाकत गेलात तर आठ महिन्यांत तो पुरा होतो. तेव्हाही गाडी खाली घ्यावीशी वाटली आणि विमा कंपनीने लेखी होकार दिला, तर 20-25 मिलिमीटरवर थांबा, तेवढ्यासाठी जुळणारे शॉकअप घ्या, पैसे बोनसमधून द्या आणि कंपनीच्या मूळ स्प्रिंग घरी जपून ठेवा. गाडी विकताना त्या परत बसवाव्या लागतील.