चावडी पडतेय, महायुद्धाचा दगड कुठे ठेवायचा?

प्रश्न : आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत इंग्रजीत कोरलेला संगमरवरी दगड आहे, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच. ‘१९१४–१९१९च्या महायुद्धात या गावातून ३१ माणसे गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले’ असा त्याचा अर्थ. चावडी पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. दगड सुखरूप कसा काढावा? खालच्या ओळींवर चुना आणि ऑईलपेंट बसला आहे, त्याचे काय करावे?
— वाचक, ता. माढा

उत्तर : गवंड्याला बोलावण्याआधी कागद करा. इमारतीचे निर्लेखन (म्हणजे ती वापराबाहेर ठरवून सरकारी नोंदीतून काढणे) मंजूर झाले की पाडकामातले दगड, लाकूड, पत्रे लिलावात निघतात. त्या ढिगात तुमचा दगड ‘जुनी फरशी’ म्हणून गेला तर पुन्हा दिसणार नाही. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या : हा दगड लिलावातून वगळला आहे, नव्या इमारतीच्या दर्शनी भागात बसवायचा आहे, तोवर तो ग्रामपंचायतीच्या ताब्यात राहील. ठरावाला फोटो आणि मापे जोडा, जडवस्तू नोंदवहीत नोंद करा. एकेक प्रत पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाला आणि सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा. राज्याचा १९६०चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण अधिसूचना निघाल्याशिवाय त्याचे संरक्षण मिळत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या समाध्या आणि आपली स्मारके सांभाळतो, गावोगावच्या या पाट्या त्याच्याकडे येत नाहीत. राखणदार तुमची ग्रामसभाच आहे.

दगड हलवण्याआधी त्याची जागा टिपून ठेवा : जमिनीपासूनची उंची, भिंतीची दिशा, आजूबाजूच्या खुणा. मग रात्री अंधारात बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि फोटो काढा. उजेड तिरपा पडला की अक्षरांच्या कडांना सावली येते आणि दिवसा सपाट दिसणारा आकडा उठून दिसतो. चारही बाजूंनी असे फोटो घ्या. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा राख मात्र घासू नका. ती कोरीव खाचेत बसते आणि ओल धरते.

काढताना ब्रेकर किंवा घण दगडाच्या आसपासही नको. भोवतीचा गिलावा हलक्या हाताने काढा. मग लोखंड कापायच्या करवतीचे सुटे पाते दरजेत, म्हणजे दगडाभोवतीच्या सांध्यात, घालून मसाला कापत जा, आधी वरची दरज, मग दोन्ही बाजूंच्या आणि सगळ्यात शेवटी खालची. त्याआधी समोर गोणपाट लावलेली फळी टेकू देऊन उभी करा. मागे लोखंडी आकडे असतील तर ते ओढून काढू नका, कापा. गंजलेले लोखंड फुगते आणि दगडाचे कोपरे आतून उडवते. कोपऱ्याशी तांबूस डाग दिसला तर तिथे आकडा आहे असे समजा. जाडी दीड इंच असेल तर वजन अठ्ठावीस-तीस किलो भरेल. दोघांनी उचलावा आणि कडेवर उभा धरूनच न्यावा. संगमरवर आडवा धरला की मधोमध स्वतःच्याच वजनाने तडकतो. ठेवतानाही दोन लाकडी पट्ट्यांवर उभा, भिंतीला किंचित रेलून.

आता सफाई. संडास धुण्याचे अॅसिड लावले की दगड स्वच्छ झाल्यासारखा दिसतो, पण खरे तर तो विरघळत असतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिड पडताच फेस येतो आणि अक्षराची धार त्या फेसाबरोबर जाते. ती परत आणता येत नाही. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रेशरचे पाणी हेही वर्ज्य. चुन्याच्या थरावर ओले सुती फडके पंधरा मिनिटे ठेवा आणि बांबूच्या चपट्या काडीने पापुद्रा उचला. निघाला नाही तर पुन्हा भिजवा, जोर करू नका. ऑईलपेंटसाठी आधी कोपऱ्यात दोन इंचांवर चाचणी घ्या : कापसाच्या बोळ्याला थोडे अॅसिटोन लावून टिपा, घासू नका, बोळा सारखा बदला. खोली हवेशीर ठेवा आणि जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका. रंग विरघळून दगडात उतरतोय असे वाटले तर तिथेच थांबा आणि संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवा. थोडा रंग राहिला तरी चालेल. अक्षरांत सोनेरी रंग भरण्याचा मोह टाळा. काही पाट्यांच्या अक्षरांत शिसे भरलेले असते, ते टोकरू नका.

नव्या भिंतीत दगड सिमेंटमध्ये गाडू नका. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असते. त्यातले क्षार ओलीबरोबर संगमरवरात शिरतात आणि पृष्ठभाग साखरेसारखा सुटू लागतो. स्टेनलेस स्टीलचे चार आकडे लावा, मागे बोटभर पोकळी ठेवा आणि कडेच्या दरजा चुन्याच्या मसाल्याने भरा : भिजवून मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली वाळू ३ भाग. त्यावर आठवडाभर ओले गोणपाट हवे. सोलापूरच्या उन्हात मसाला एका दुपारीत करपतो, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढूच नका. जागा छपराखालची, पश्चिमेचे ऊन न लागणारी, जमिनीपासून चार फुटांवर.

प्रश्न : महायुद्ध १९१८मध्ये संपले, मग दगडावर १९१९ का? आणि त्या ३१ जणांची नावे कुठे मिळतील?
— वाचक, बार्शी

उत्तर : ११ नोव्हेंबर १९१८ला लढाई थांबली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ला झाला. पाट्यांवर ते वर्ष धरले आहे.

मृतांपासून सुरुवात करा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची इंटरनेटवर मोफत आहे. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. मात्र स्पेलिंग इंग्रजांचे : सोलापूर ‘शोलापूर’, बार्शी ‘बारसी’. गावाचे नाव तीन-चार प्रकारे टाकून पाहा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी आणि १९१७मध्ये उभी राहिलेली १११ महार पलटण आधी चाळा. मराठा पलटणींतले कितीतरी जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. तिथल्या कूत शहरात तुर्की फौजेने घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ला आपल्या बाजूच्या, म्हणजे ब्रिटिश-हिंदी फौजेच्या, शरणागतीने संपला आणि कैदेत अनेकांचे हाल होऊन मृत्यू झाले. त्यामुळे बसरा स्मारकाची यादी जरूर पाहा. भारतात मेलेल्यांसाठी पुण्यात खडकीचे स्मारक आहे.

जिवंत परतलेले त्या सूचीत नसतात. त्यांच्यासाठी घराघरांतल्या जुन्या ट्रंका उघडायला सांगा. पंचम जॉर्जचा मुखवटा असलेले चांदीचे पदक सापडले तर त्याची कड भिंगाखाली फिरवा : नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेले असते. हेच पदक काशाचे असेल तर माणूस बहुधा मजूर तुकडीत होता. गावच्या ३१मध्ये तोही मोजलेला असू शकतो. पाच इंचांची काशाची गोल थाळी, तीवर सिंहाशेजारी उभी स्त्री आणि चौकटीत नुसते नाव, म्हणजे त्या घरचा माणूस परतला नव्हता. पदकांना चिंच किंवा ब्रासो लावू नका, कडेची अक्षरे झिजतात.

प्रश्न : नावे मिळाली तर त्याच दगडावर खाली कोरून घ्यावीत का? शेजारच्या वीरगळालाही शेंदूर लावतात, तो धुवावा का?
— वाचक, मंगळवेढा

उत्तर : जुन्या दगडावर टाकी-छिन्नी लावू नका. खाली वेगळी काळ्या दगडाची पाटी बसवा. तीत पुरावा मिळालेलीच नावे देवनागरीत कोरा आणि उरलेल्यांसाठी जागा मोकळी सोडा, म्हणजे पुढे नाव सापडले की कोरता येईल. वीरगळ हेही युद्धस्मारकच : खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. पूजा चालू असलेला शेंदूर गावाला न विचारता काढू नका. नव्याने तेल-शेंदूर चढवणे तेवढे थांबवा आणि हार-नैवेद्यासाठी समोर वेगळी शिळा ठेवा.