येशूच्या बलिदानानेच तारण होतं, तर भलं वागलेल्या माणसाचं काय?

नागपूरच्या सदर भागातल्या तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं की तारण फक्त येशूच्या बलिदानानं होतं. तुमचे प्रश्न दोन: एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप कसं फिटतं, आणि मग सत्कर्मं कशाला?

आधी एक गाठ सोडवू. तारण म्हणजे मोक्ष नव्हे. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो. तारणात पापाचा दोष जातो आणि त्यापायी देवाशी पडलेलं अंतर मिटतं. पुण्य जमा करायचं आणि पाप वजा करायचं, हा हिशेबच इथं नाही. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं.

पहिल्या प्रश्नासाठी बायबलात निर्गम या पुस्तकाचा १२ वा अध्याय काढा. इजिप्तमध्ये गुलाम असलेल्या इस्राएली लोकांना देवाची आज्ञा आहे: एक वर्षाचं निर्दोष नर कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचं. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीनं त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. हाड मात्र मोडायचं नाही. रक्त दिसलं की मृत्यू ते घर ओलांडून जाई. हाच वल्हांडण सण. आता योहान १९:३३-३६ वाचा: क्रुसावरच्या येशूचे पाय शिपायांनी मोडले नाहीत, हे योहान मुद्दाम नोंदवतो. म्हणजे येशू हाच ते कोकरू. पुढे इब्री लोकांस पत्राचा १० वा अध्याय म्हणतो की बळी दरवर्षी द्यावे लागत, म्हणजे ते पुरत नव्हते. ख्रिस्तानं स्वतःला एकदाच दिलं. सगळा भार या 'एकदाच'वर आहे.

हा नरबळी झाला, अशी शंका येतेच. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कोणी घेत नाही, मी तो आपणहून देतो. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत येशू स्वतः देवच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, तोच भरपाई करतो.

सत्कर्मांसाठी इफिसकरांस पत्र २:८-९ दाखवतात: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. पण दहावं वचन गाळू नका, त्यात आपण सत्कर्मांसाठीच घडवलेले आहोत असं आहे. आपल्याकडे जंभेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात ना, तसंच हे. खुंट म्हणजे आपण, डोळा म्हणजे कृपा. खुंटाला कितीही खत घाला, संत्री लागणार नाहीत. डोळा धरला की मात्र फळ यायलाच हवं, आणि खालून फुटणारी जंभेरीची फूट वरचेवर काढावी लागते. पश्चात्तापाचं काम ते.

ज्यानं येशूचं नावच ऐकलं नाही, त्याचं काय? यावर ख्रिस्ती एकमताचे नाहीत. काही पंथ विश्वासाशिवाय तारण नाहीच म्हणतात. कॅथलिक चर्चनं १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मांडलं की स्वतःचा दोष नसताना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, न कळलेला, पण मनापासून देवाला शोधणारा माणूसही तारण पावू शकतो. मात्र तेही ख्रिस्तामुळेच. मला हे उत्तर जास्त पटतं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर गुड फ्रायडेला दुपारी एसएफएस कॅथेड्रलमध्ये जा. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासना, होत नाही. योहानाचे १८ आणि १९ हे अध्याय वाचले जातात. पाय न मोडल्याची ओळ अगदी शेवटाकडे येते.