शाळेत शिकवताना आरएसएस फीडचा खरंच उपयोग होतो का? कसा करावा?

आठवी-नववीला शिकवताना रोज दहा-पंधरा साइट उघडून बघायला वेळ नसतो, तर साइटवरचं नवीन आपोआप दाखवणारे आरएसएस फीड वापरून काही जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात भूगोल शिकवते. जमतं, पण फीड पाच-सहाच ठेवा.

हे मी पोळून सांगतेय. सुरुवातीला हौसेने चाळीस फीड लावले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ॲप उघडलं तर न वाचलेल्यांचा आकडा हजाराच्या वर. पुढे महिनाभर मी ते उघडलंच नाही.

फीड म्हणजे साइटने स्वतःच ठेवलेली यादी: मथळा, दुवा, तारीख आणि थोडा मजकूर. रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप, ती अधूनमधून तपासतो आणि नवीन काही आलं की वर आणून ठेवतो. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, तेव्हापासून आरएसएस संपलं असा बऱ्याच जणांचा समज आहे. पॉडकास्ट तर आजही त्याच्यावरच चालतात.

आता वर्गातली गोष्ट. ४ डिसेंबर २०२४, बुधवार, सकाळची शाळा. साडेसातच्या आसपास तेलंगणातल्या मुलुगू भागात भूकंप झाला. आपल्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने तो ५.३ सांगितला. तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या नागपुरातही काहींना धक्का जाणवला. ‘मॅडम, आमच्या घरचा पंखा हालला जी,’ इथून सुरुवात. मधल्या सुट्टीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲपवरून ‘आज पुन्हा मोठा धक्का बसणार’ हेही येऊन पोहोचलं.

माझ्या फीडमध्ये यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची भूकंपांची यादी होती. टीव्हीवर लावली. तिथे वेळ दोनदा दिलेली असते: एक यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची म्हणा, आणि दुसरी भूकंपाच्या ठिकाणची. एकीकडे पहाटेचे दोन वाजायला आलेले, दुसरीकडे साडेसात, पुढे +०५:३०. ‘यांचं घड्याळ बिघडलं काय?’ एकाने विचारलं. मग फळ्यावर भारताची प्रमाणवेळ ज्यावर ठरते तो ८२.५ रेखांश गुणिले दर रेखांशाला ४ मिनिटं केलं. ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. दरवर्षी मी हे गणित करून घेते आणि दरवर्षी मुलं ते विसरतात. त्या वर्गाने पुढच्या चाचणीत बरोबर सोडवलं. व्हॉट्सॲपच्या निरोपावर ना तारीख होती, ना पाठवणाऱ्याचा पत्ता. फीडमधल्या प्रत्येक नोंदीवर दोन्ही असतं, हे मुलांनीच हेरलं. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगता येत नाही, एवढंच मला वरून सांगावं लागलं.

हीच यादी लावणार असाल तर ४.५ आणि त्यावरच्या भूकंपांची लावा. २.५ ची लावली तर अलास्का आणि कॅलिफोर्नियाच्या बारीकसारीक धक्क्यांनी पडदा भरून जातो.

माझे बाकीचे फीड: नासाचं रोजचं खगोलचित्र (हे १९९५ पासून सुरू आहे), पीआयबी (केंद्र सरकारची बातम्या देणारी संस्था), एक पक्ष्यांचा ब्लॉग आणि दोन यूट्यूब चॅनेल. हो, यूट्यूबचेही फीड असतात. चॅनेलचा पत्ता फीडली या रीडरमध्ये टाकला की बहुतेक वेळा सापडतं. वर्डप्रेसवरचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून बघा. फीडलीचं फुकट खातं आपल्याला भरपूर होतं. खातंच नको असेल तर शाळेच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम टाका, त्यात फीड वाचता येतात. मुलांची खाती मात्र उघडू नका. एकच रीडर, तोही शिक्षकांच्या हातात.

आणि पडद्यावर लावण्याआधी स्वतः बघून घ्या. एकदा मी एका वर्तमानपत्राचा फीड न बघता लावला. पहिलीच बातमी खुनाची, फोटोसकट. पुढच्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशीच तो काढून टाकला.

आमच्या शाळेत इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. म्हणून निघण्याआधी घरीच रीडर ताजा करते आणि हव्या त्या दोन नोंदी उघडून ठेवते. मजकूर हलका असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. वर्गात रोज हजेरीनंतरची तीन मिनिटं, फार तर चार. हजेरी क्रमांकाप्रमाणे एक जण नवीन आलेलं वाचतो आणि त्यातला एक शब्द नकाशावर शोधतो. मुलुगू शोधायला बराच वेळ लागला होता, आमच्या नकाशात ते नव्हतंच. शेवटी वरंगळला टाचणी लावली.