माझी कढई कुठंय?

ग्वाल्हेर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी निघाले तेव्हा तू जिन्यात बसून रडत होतीस. मला वाट द्यायला उठलीस आणि उठता उठता विचारलंस, "बाई, मी इतकी निर्लज्ज कशी हो?" मी म्हटलं, "होतं गं असं," आणि रिक्षात बसले. चौतीस वर्षं गणित शिकवलं, एकाही पोराला "होतं असं" हे उत्तर म्हणून दिलं नाही. तुला दिलं. दौलतगंजातून घरी पोचेपर्यंत माझा मलाच राग आला होता. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो बाई, हो बाई" म्हणत दुसऱ्या हाताने गोळ्यांची पाकिटं फाडत असतेस, मला ऐकू येतं.

तर आधी प्रसंग नीट मांडू. उदाहरणच चुकीचं उतरवून घेतलं की पुढे कितीही आकडेमोड करा.

पक्षाघाताने आडव्या पडलेल्या तुझ्या बाबाला चष्मा हवा होता. तो म्हणाला, "माझी कढई कुठंय?" तुझी आई बिचारी उठली आणि खरंच कढई घेऊन आली. भजी तळायची, काळीकुट्ट, एका कानाची. त्याने कढईकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. तू फिस्सकन हसलीस, मग तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळालीस.

पळालीस म्हणून तुला एक गोष्ट दिसली नाही. आधी तो हसला होता. त्याच्या ओठाची उजवी बाजू उचलत नाही, त्यामुळे तुमच्या घरात कुणाला ते हसू म्हणून ओळखूच येत नाही. मला आलं. आठवीत मागच्या बाकावर बसून हा पोरगा असाच अर्ध्या तोंडाने हसायचा, बाईंना कळू नये म्हणून. तेव्हाही मला कळायचं.

मला सांगायचंय ते एवढंच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हसू उधार ठेवू नकोस. बाबा चालायला लागला की हसू, बोलायला लागला की हसू, असलं काही नको. मी तुला आनंदी राहा म्हणत नाहीये. मोबाईलवर सकाळी फुलांच्या चित्राखाली येतं ना लिहून, तसलं मला काही सुचवायचं नाही. रडायचं तेव्हा रड. फक्त हसू आलं की तिथल्या तिथे चुकतं कर.

डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलं असणार, पण त्या दिवसांत माणूस अर्धंच ऐकतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग लुळं पडतं आणि बरेचदा बोलणंही बिघडतं. एका शब्दाला हाक मारावी तर दुसराच ओ देतो. ॲफेजिया म्हणतात त्याला. म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे. तुझ्या बाबाची तर जागच्या जागी आहे. मी "लेकीला तुझे सहामाहीचे मार्क सांगू का?" म्हटलं तर केवढे डोळे वटारले त्याने! आणि जे वर्षानुवर्षं घोटून बसलंय ते पुष्कळदा शाबूत राहतं: आकडे, पाढे, गाणी, आरत्या. आणि शिव्या. मालिश-व्यायामाला येणारा तो मुलगा त्याचा खांदा उचलतो तेव्हा चहाला 'टपाल' म्हणणारा हा माणूस आपल्या लश्कर भागातल्या अस्सल हिंदीत, व्याकरणशुद्ध शिव्या देतो. तुझी आई कानांवर हात ठेवते. अगं, पूर्ण वाक्यं आहेत ती! मला तर कौतुक वाटलं.

मी त्याच्या कानाशी "बे एके बे" सुरू केलं, तर पुढचं त्यानेच ओढून घेतलं, थेट बे दाहे वीसपर्यंत. शाळेत हिंदीत पहाडे असायचे, माझ्या घरी शिकवणीला मराठीत पाढे. ते मराठीच आत टिकलेत. आणि संध्याकाळी तुम्ही दिवा लावलात तेव्हा अख्खी आरती म्हणाला, एक शब्द इकडचा तिकडे नाही, डाव्या हाताने मांडीवर टाळी देत. तेव्हाही तुम्ही मायलेकी रडलात. मी म्हणते, ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही तो 'दर्शनमात्रे मनकामना पुरती' धडाधड म्हणून टाकतो, यात देवाने केलेली थट्टा तुम्हाला दिसत नाही का? मला श्रद्धा आणि थट्टा वेगळ्या काढताच येत नाहीत. एकाच पिशवीतून आणते मी दोन्ही.

आता तुझ्या आईचं. तिने सोळा सोमवार धरलेत आणि तू तिच्यावर चिडतेस. "माझा नाही विश्वास," असं तिला तोंडावर म्हणालीस म्हणे. पोरी, ते सोमवार कुठून आले हे तुला कळत नाही? त्या रात्री त्याने हात बधिर झाला म्हटलं, आणि तिला वाटलं झोपेत अंगाखाली दबला असेल. पहाटेपर्यंत ती मोहरीचं तेल चोळत बसली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिला नंतर दवाखान्याच्या बाकावर कळलं. तेव्हापासून ती बाई मनातल्या मनात ते तास मोजतेय. सोळा सोमवार ही तिने त्या तासांची बांधलेली परतफेड आहे. त्यावर तू विश्वास-अविश्वास काय काढतेस? तिच्याबरोबर अचलेश्वराला जा. पिंडीला हात जोडायचे नसतील तर तिच्या चपला सांभाळ.

आणि जाशील तेव्हा जरा बघ, तो महादेव बसलाय कुठे. भर रस्त्यात. शिंदेशाहीत पिंड हलवायला हत्ती जुंपले, साखळ्या तुटल्या, पण पिंड जागची हलली नाही, अशी गोष्ट गावात प्रत्येक आजी सांगते. शेवटी रहदारीच त्याला वळसा घालून जायला लागली. खरं-खोटं महादेव जाणे. माझ्या अर्ध्या आयुष्याचं वर्णन मात्र त्यात आलं.

तू म्हणालीस, श्रद्धा कशी आणू? आणायची काय, भाजी आहे का? मी दर वर्षी मुलांना किल्ल्यावर चढताना वाटेत लागतं त्या चतुर्भुज मंदिरात न्यायचे. खडकात कोरलेलं, एवढंसं देऊळ. त्यातल्या शिलालेखात शून्य आहे, आज आपण काढतो तसंच गोल. संवत 933 चा लेख, म्हणजे इसवी सन 876. जगभरचे गणिती ते शून्य बघायला येतात. पण त्यात लिहिलंय काय, हे कुणी विचारत नाही. देवाच्या फुलबागेचं माप आहे ते: 270 हात लांब, 187 हात रुंद. आणि देवाला रोज 50 माळा मिळाव्यात याची व्यवस्था. असलेच हिशेब. त्या माणसाला शून्य अमर करायचं नव्हतं, त्याला माळ्यांचा हिशेब लावायचा होता. माझी श्रद्धा त्या माळ्याच्या जातीची आहे. आज 50 माळा झाल्या का? झाल्या. उद्याचं उद्या. बाबाचा उजवा हात तू सकाळ-संध्याकाळ वीस वेळा वर-खाली करतेस ना? झाल्या तुझ्या माळा. देवाला पोचल्या की नाही ते बघणं तुझ्या खात्यात नाही.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं असं समजू नकोस. 2009 साली आमचे हे सात आठवडे दवाखान्यात होते. सकाळची नर्स कागद भरायला यायची, "नाम?" विचारायची. हे रोज नवं सांगायचे. सोमवारी महादजी शिंदे, मंगळवारी तानसेन. ती केरळची पोरगी एकदा तानसेन लिहूनही गेली. वॉर्ड हसायचा. मी दात-ओठ खायचे. "आधी बरे व्हा, मग करा काय ती थट्टा," असं मी म्हटलं. एकदा नाही, रोज. बेरजेत आपण हातचा धरतो ना, तसा मी आमच्या हसण्याचा हातचा धरून ठेवला. हातचा पुढच्या घरात मिळवायचा असतो. पुढचं घर आलंच नाही. गणिताच्या बाईची चूक बघ.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलाने सांगितलं आईला सांभाळीन, मुलीने सांगितलं बागेची काळजी करू नका. कावळा समोरच्या भिंतीवर मान वाकडी करून ढिम्म. दीड तास ऊन डोक्यावर. शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "दादा, पेटी आणून देतो." ही वाजवायची पेटी त्यांनी 1988 साली 'दोन दिवसांसाठी' नेली होती. त्यांचं वाक्य संपायच्या आत कावळा खाली उतरला! आणि मी हसले. गालातल्या गालात नव्हे, मोठ्याने, पोट धरून, गुरुजींच्या देखत.

नणंदबाई सहा वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या पिंडासमोर हसली, ही माझी ओळख झाली सगळ्या नात्यात. आता तूच सांग, माझं काय चुकलं? सात आठवड्यांचं थकलेलं देणं मी एका दमात फेडलं. ते असते तर माझ्याआधी हसले असते. आणि नणंदबाई, ज्या त्या सात आठवड्यांत दोनदा संत्री घेऊन आल्या, त्यांनी मला शोक शिकवावा? बरं, असो. पत्र तुला लिहायला बसले आणि वकिली स्वतःची चाललीय. पण खोडत नाही. राहू दे.

त्यावरून आठवलं. हसण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न तुला पडेलच. चादर बदलणाऱ्याला. बस. तुझा तो मामा बैठकीत बसून बाबाच्या बोलण्याची नक्कल करतो, ते मला दिसलं. त्याला चहा देऊ नकोस. त्याने एकदा तरी भांडं रिकामं करावं, मग नकला कराव्यात. तू महिनाभर करते आहेस, तुझ्या हाताला डेटॉलचा वास येतो, तू हस. आपलं गाव तर असं, की किल्ल्यावरच्या सहस्रबाहूच्या देवळाचं लोकांनी सासबहू करून टाकलं. विष्णूच्या नावातसुद्धा ज्यांना सासू-सून ऐकू आली त्या गावात जन्मून तू घरातल्या हसण्याला निर्लज्जपणा म्हणतेस?

आणि ही दुसरी उधारी, जिच्यामुळे मी खरी संतापले. तुझ्या भावाला पुण्यात मुलगी झाली, तुझा बाबा पडल्यावर एकोणिसाव्या दिवशी. मला हे रविवारी, निघताना, कुजबुजून कळलं. "बाबा बरे झाले की पेढे वाटू, आत्ता बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही? ती पोर काय थांबून राहणार आहे पाळण्यात, आजोबांचे शब्द जागेवर येईपर्यंत? त्याला तिचा फोटो दाखवला तेव्हा तो काय म्हणाला, हे तूच सांगितलंस. "पुरणपोळी." आणि तुम्ही तिघींनी मान खाली घातली. अगं, दिवसाच्या पोरीला याहून अचूक शब्द मला सुचणार नाही. त्याची चूक झाली असं तुम्हाला कुणी सांगितलं?

शनिवारी चारच्या सुमारास येते. पेटी घेऊन येते आहे, तेव्हा रिक्षातून उतरवायला खाली ये, माझ्याने उचलत नाही. दिरांनी शब्द पाळला होता, पण एकवीस वर्षांत उंदरांनी भाता कुरतडला होता. भाता मी नवा बसवून घेतला, दोन पट्ट्या अजून मुक्याच आहेत. तुझ्या बाबाला चालेल, त्याचेही काही सूर सध्या लागत नाहीत. आरतीने सुरुवात करू. पुढे जे येईल ते. गाण्यातून शब्द सुटतात कधी कधी, असं ते उपचार करणारेही मानतात. सुटले तर सुटले, नाहीतर गाणं तरी झालं.

महाराज बाड्याच्या बाजारातून अर्धा किलो पेढे आणून ठेव. वाड्यातल्या प्रत्येक घरी जायला हवेत, मामाकडेसुद्धा, त्याला एकच. आईला म्हणावं बाईंनी सांगितलंय, माझ्यासमोर ती अजून नाही म्हणत नाही.

आणि त्याचा चष्मा सापडला का? आधी कढईत बघ.

तुझी,
बाई